डाव्या बाजूचा बिघाड

मिलिंद वानखडे गेल्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी सात वाजता गेला. वय शेहेचाळीस. मेंदूत गाठ होती. निदान झाल्यापासून एकोणीस दिवस मिळाले. त्याच्या पत्नीचा, सुजातावहिनींचा फोन आला तेव्हा मी उभ्या उभ्या चहा घेत आमच्याच दैनिकाचा अंक तपासत होतो.

आमची ओळख कोथरूडमधल्या कॉट बेसिसच्या खोलीतली. तो अकोल्याहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आलेला, मी नुकताच उपसंपादक झालेलो. शहरात सॉफ्टवेअर कंपन्या येऊ लागल्या होत्या. त्याने सुटे भाग जमवून संगणक जोडला आणि त्यावर मोटारींच्या शर्यतीचा गेम टाकला. गेम सुरू झाला, पण रस्ता हिरवा आणि आभाळाच्या चिंध्या झालेल्या. पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या कार्डाला ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम लागतो आणि तो चुकीचा पडला की असं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. दुरुस्तीला चार रविवार लागले. पुढे ओळखीचे लोक रिक्षात मांडीवर सीपीयू घेऊन त्याच्याकडे येऊ लागले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्याचा नियम. कुणी घाई केली तर म्हणे, "दुकानात न्या. तिथे सगळंच बदलून देतात."

खोली सुटली, नोकऱ्या बदलल्या. त्याने कोथरूडमध्येच फ्लॅट घेतला. वहिनी अकोल्याकडे शिक्षिका. बदली मिळाली नाही, त्या सुट्ट्यांत येत. मूल नव्हतं. संध्याकाळी तो शर्यत खेळे, एकटाच. मी त्याच शहरात राहून वर्षातून दोनदा भेटत असे...

उन्हाळ्याच्या शेवटी त्याचा फोन आला. खेळताना पडद्याच्या डावीकडे रंगीत चौकोन लुकलुकत, मिनिटभराने जात, आणि मग ती बाजू काही वेळ मेल्यासारखी होई. त्याने ड्रायव्हर काढून नवा टाकला, मग जुना. केबल बदलली, मग कार्ड, मग मॉनिटर. पाच आठवडे गेले होते. डोळे दाखव, असं मी सुचवलं. ते त्याने स्वतःच तपासले होते. चौकोन दिसत असताना एक डोळा झाकून पाहिला, मग दुसरा. दोन्हींनी तेच दिसलं.

"दोन डोळे म्हणजे दोन स्वतंत्र भाग. ते एकाच दिवशी, एकाच बाजूने बिघडत नाहीत," तो म्हणाला. "म्हणजे दोष मशीनमध्येच."

मला ते पटलं.

दुसऱ्या माणसाला ते दिसतं का, एवढंच तपासायचं उरलं होतं. त्यासाठी त्याने मला एका रविवारी दुपारी बोलावलं. मी शेजारी स्टुलावर बसलो. त्याची गाडी पुन्हा पुन्हा डाव्या कठड्याला घासत होती. वय झालं तुझं, असं मी चिडवलं. तो हसला नाही. मग त्याचे हात थांबले.

"आत्ता. दिसलं?"

"नाही."

"नीट बघ ना बे."

पडदा स्वच्छ होता. तसं मी सांगितलं. तो म्हणाला, "तुझं लक्ष नव्हतं." मला चारच्या बैठकीला पोचायचं होतं. आणखी एखादा ड्रायव्हर टाकून बघ, असं सांगून मी उठलो.

आठ दिवसांनी सोसायटीच्या फाटकात त्याची स्कूटर डाव्या खांबावर आदळली. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, तिथे डोक्याचं स्कॅनिंग झालं. गाठ मेंदूच्या उजव्या बाजूला, मागच्या भागात होती. दोन्ही डोळ्यांना डावीकडचं जे दिसतं ते तिथेच उमटतं, असं डॉक्टरांनी फिल्म धरून समजावलं. मी खाटेजवळ उभा होतो.

"म्हणजे एकच भाग," मिलिंद माझ्याकडे न बघता म्हणाला.

पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर वहिनींना संगणकातले फोटो हवे होते. मी तो सुरू केला. शर्यतही लावून पाहिली. कुठेही दोष नव्हता. पडद्यावर फाइलींची एकतीस चिन्हं होती. संगणक ती आपणहून डावीकडे मांडतो. इथे सगळी एकेक करून ओढून उजव्या अर्ध्या भागात लावलेली होती.