झेंडामावशीचा वाढदिवस

“आई, आता ऐन वेळी सत्काराला नाही कसं म्हणता? शाळेने पत्रिकासुद्धा छापल्यात,” सून तिसऱ्यांदा म्हणाली.

“मग छापणाऱ्यालाच बसवा खुर्चीवर,” सासू म्हणाली आणि पुन्हा चादरीची घडी घालू लागली.

पस्तीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढलेली ही बाई. चारही कोपरे एकमेकांवर बसले नाहीत तर घडी मोडून परत घालणार. पण गल्लीत तिला ओळखत ते झेंडामावशी म्हणून. देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी ती जन्मली, असा तिचा लौकिक. दर स्वातंत्र्यदिनी तिचा सत्कार ठरलेला. उद्या तर शाळेतली मुलं तिच्या जन्माचं नाटकच करणार होती.

नाटकाचं कानावर आल्यापासून ती ताट अर्ध्यावर सोडून उठत होती. मुलाने खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिने एकदाचं सांगून टाकलं. नोकरीला लागताना कारकुनाने जन्मतारीख विचारली. ती कुणाला ठाऊक? तो म्हणाला, स्वातंत्र्याचीच टाकतो, विसरायची भीती नाही. पुढे कुणीतरी विचारलं, खरंच का हो? ती हो म्हणाली. मग दरवर्षी थोडं थोडं तिखटमीठ लागत गेलं. तोफा आल्या, मिरवणूक आली, मिरवणूक सोडून धावत आलेली सुईणही आली. व्यासपीठावर आपण थाप मारली ती मारली, पण ती लेकरांच्या तोंडी घालायची हे काही तिला पचेना.

“म्हणजे तो वाढदिवसच खोटा?” सुनेने विचारलं.

खिडकीपाशी वाटाणे सोलत बसलेली झेंडामावशीची थोरली बहीण मान वर न करता म्हणाली, “मला ठाऊक होतं.”

“आक्का! मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तू मजेत होतीस, कशाला बोलू? अगं, देश स्वतंत्र झाला त्या दिवशी तू दोन वर्षांची होतीस, चौकातल्या सभेत माझ्या कडेवर. असं भोकाड पसरलंस, की आसपासच्या कुणाला भाषणाचा एक शब्द ऐकू आला नाही.”

आधी मुलगा हसला, मग सून. झेंडामावशी तर इतकी हसली, की डोळे पुसताना हातातली घडी विसकटली, आणि तिने ती तशीच राहू दिली. किती वर्षांनी छातीवरची धोंड उतरली होती.

मग उठून तिने चपला पायात सरकवल्या.

“मी शाळेत जाऊन येते. नाटकात दोन वर्षांची रडकी पोर घ्या म्हणून सांगते. आणि या घरात माझा वाढदिवस आजपासून बंद.”