दातांत धरलेला पदर

आईची पहिली दाढ सिंदीच्या आठवडी बाजारात निघाली. दात काढणारा रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून बसायचा. समोर काढलेल्या दातांचा ढीग, बाजूला तुरटीच्या पाण्याची बाटली. सत्तरच्या दशकाची मधली वर्षं होती आणि आई तिशीत होती. डाव्या कानापुढे, जबड्याच्या सांध्यात, दोन महिन्यांपासून दुखत होतं. तोंड उघडताना कट् असा आवाज यायचा. भाकरीचा घास मोठा झाला तर आत जायचा नाही. दाढ किडली आहे, याबद्दल घरात कुणालाही शंका नव्हती.

निघालेली दाढ आईने धुऊन पाहिली. पांढरी होती, कुठेही भोक नव्हतं.

"किडली कुठं हाये?" तिने विचारलं.

"कीड आत असते, बाई," तो म्हणाला. "बाहेरून नाई दिसत."

दाढ पदराच्या गाठीत बांधून ती घरी आली. जखम भरली, पण दुखणं होतं तिथेच राहिलं. आजीने, म्हणजे आईच्या सासूने, निकाल दिला: दाढ चुकीची निघाली, आता शेजारची काढायची. आई म्हणाली, "एक चांगली गेली. दुसरी देत नाई." हा वाद महिनाभर चालला.

मधल्या काळात तिने आपले उपाय सुरू केले. जाड मीठ तव्यावर गरम करून फडक्यात बांधायचं आणि कानापुढे शेकायचं. भाकर वरणात कुस्करून, लहान घासांनी, दोन्हीकडे चावायची. जांभई आली की हनुवटीखाली मूठ लावायची, म्हणजे तोंड फार उघडत नाही. शेकल्यावर तासभर बरं वाटायचं. संध्याकाळपर्यंत कान पुन्हा ठणकायला लागायचा.

मग आष्टीला मामाचं लग्न निघालं. आई मला घेऊन पंधरा दिवस माहेरी गेली. लग्नघरात तिने पापड खाल्ले, बुंदीचे लाडू खाल्ले, बहिणींबरोबर पोट दुखेपर्यंत हसली. तोंड दुखलं नाही. चौथ्या-पाचव्या दिवसापासून कट् हा आवाजही कमी झाला. मिठाची पुरचुंडी पिशवीतून बाहेर निघालीच नाही.

परत आल्यावर हे तिने आजीला सांगितलं. ती चूक ठरली.

"माहेरच्या पाण्यानं पळते, सासरच्या पाण्यानं येते," आजी म्हणाली. "मोठं हुशार दुखणं हाये वो तुह्यं! बसचं तिकीटही काढते का?"

शेजारणी हसल्या. पुढच्या बाजाराला दाढ काढायची, हेही तेव्हाच ठरलं.

पुढचा प्रसंग मी पाहिलेला नाही, आईने सांगितलेला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाणी भरत होती. विहीर घरापुढे होती, स्वयंपाकघर मागे. मध्ये छपरी, म्हणजे ओसरी, आणि छपरीत आबाजींची, म्हणजे तिच्या सासऱ्यांची, खाट. सासऱ्यांसमोरून सुनेने उघड्या डोक्याने जायचं नाही, असा घरचा नियम होता. दोन्ही हातांत घागरी असल्या की डोक्यावरचा पदर घसरतो. म्हणून सगळ्या सुना करतात तेच ती करायची: छपरीची पायरी आली की पदराची कड डाव्या दाढांखाली घट्ट धरायची. त्या सकाळी पायरीवर तिने कड दातांत धरली आणि कानापुढे कळ आली. ती तिथेच उभी राहिली. माहेरी वडिलांसमोर डोक्यावर पदर घ्यावा लागत नव्हता.

सासूचा टोमणा बरोबर होता. फक्त दोष पाण्याचा नव्हता.

माझ्या वडिलांनी दुकानातून पदर केसांना लावायची पिन आणून दिली. तीन दिवस आईने ती वापरली. "घागर उचलली का पदर ओढते, अन् पिन केस उपटते," असं म्हणून तिने ती परत केली.

बाजाराचा दिवस आला. आजी पिशवी घेऊन तयार होती, आबाजी खाटेवर होते. आई विहिरीवरून दोन घागरी घेऊन आली आणि पायरी चढली. पदर खांद्यावर होता. मी छपरीत पाटी पुसत बसले होते.

"सूनबाई, पदर," आबाजी म्हणाले. त्यांनी मान दुसरीकडे वळवली होती.

आई थांबली. घागरी खाली ठेवल्या नाहीत.

"मामाजी, दाताचं काम जेवाचं हाये. पदर धराचं नाई."

"लोक काय म्हणतीन?"

"लोकायनं म्हणाव. दाढ माही जाते, लोकायची नाई."

"अवो, मोठ्या माणसासमोर बोलून राह्यली!" आजी म्हणाली.

"बोलाले तोंड उघडते आता, आत्याबाई. मांगच्या महिन्यात उघडत नव्हतं."

ती आत गेली. घागरी ठेवून बाहेर आली, ती तशीच, उघड्या डोक्याने. घरात जपून ठेवलेली पहिली दाढ तिने आजीच्या पिशवीवर ठेवली. "बाजारात चाललाच आहा, त हे त्याले वापस द्या. म्हणाव, कीड सापडली."

आजी बाजारात एकटी गेली. दाढ तिने नेली नाही.

तिसऱ्या दिवशी आबाजींनी खाट फिरवून घेतली. तोंड रस्त्याकडे आणि पाठ येण्याजाण्याच्या वाटेकडे. पदराबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत आणि आईनेही तो पुन्हा डोक्यावर घेतला नाही.

दुखणं एका दिवसात गेलं नाही. तीन-चार आठवडे लागले. थंडीत सांधा कधीमधी कट् करायचा आणि तवा चुलीवर चढायचा. पण त्यानंतर आईने दातांत काही धरलं नाही. शिवताना धागासुद्धा तोडला नाही, कात्री मागायची.

खाट का फिरवली, असं आल्यागेल्यांनी विचारलं की आबाजी सांगायचे, "इकडून उजेड बरा येते." त्या वेळी त्यांच्या पाठीमागून आई घागरी घेऊन जात असायची, दात सुटे आणि डोकं उघडं. दुसरी दाढ जागेवर होती.