लोर्ना कुझमाचं वॉशिंग मशीन

लोर्ना कुझमा शाळेत पोरांना जेवण वाढायची आणि दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात बायकांबरोबर बटाट्याच्या पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, भरायची. चर्चचं छप्परसुद्धा त्या पिरोगी विकूनच झालेलं. तिच्या अडचणीबद्दल मात्र तिथे ब्र काढायची सोय नव्हती.

ईस्टरला नवरा चार दिवस उगवला आणि परत परागंदा झाला. मागे तिसरं पोटात राहिलं. धाकट्याच्या वेळीच तिचं हृदय थकलेलं. डॉक्टरांनी पुन्हा बाळंतपण नको म्हणून बजावलेलं. गर्भपाताचा खर्च मिळेल का विचारायला तिने गरिबांना दवाखान्याचं कार्ड देणाऱ्या सरकारी कचेरीत फोन लावला. अर्धा तास नुसतं संगीत ऐकल्यावर एक बाई बोलल्या.

"जीव जातोय असं डॉक्टरांनी लिहून दिलं, तर बघू."

"म्हणजे मरायला टेकल्यावर फोन करू?"

"नियम मी केलेले नाहीत. बाळंतपणाचा सगळा खर्च तुमच्या कार्डावर होईल."

"अहो, बाळंतपणच झेपायचं नाही मला!"

"मग गर्भपात तुमच्या खर्चाने."

पिट्सबर्गच्या दवाखान्यात आठवडे वाढले की बिलाचा आकडा वाढे. पगारातून मागचा आकडा जमेपर्यंत पुढचा तयार! वैतागून तिने शनिवारी दारापुढे घरातलं सामान विकायला मांडलं. पाळणा सकाळीच गेला. उरलं वॉशिंग मशीन. दवाखान्याची वेळ सोमवारची; ती चुकली तर पुन्हा नवा आकडा.

शेजारच्या मिसेस हालुस्का आल्या. "चालू मशीन विकतेस? दोन पोरं घरात, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"घ्यायचंय, की नुसतं प्रवचन?"

"वीस कमी कर."

"एक डॉलरही नाही."

बडबडत का होईना, त्यांनी घेतलं. लोर्ना सोमवारी गेली आणि मोकळी होऊन आली. मग रोज बाथटबमध्ये कपडे घासत बसली.

शुक्रवारी चर्चच्या तळघरात पीठ मळताना मिसेस हालुस्कांना तिची सोललेली बोटं दिसली.

"सोमवारी पिट्सबर्गच्या बसमध्ये चढताना पाहिलं तुला," त्या हळूच म्हणाल्या.

लोर्नाचे हात थांबले. "मिसेस हालुस्का, मी..."

"सांगू नकोस. मला पटायचं नाही, आणि खोटं तू बोलू नयेस." त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. "उद्या कपडे घेऊन ये."

"मशीन माझंच आहे ते."

"होतं. आणि साबण तुझा तू आण."