रोलरवाला जावई

मल्लप्पा, तुझ्या रोलरमुळं माझ्या हजेरीपटावर जेवढे लाल शेरे पडले, तेवढे अख्ख्या नोकरीत दुसऱ्या कशानं पडले नाहीत. तो राग केव्हाच गेला. हल्लीची पोरं मोटारीत बसून सोलापूर-अक्कलकोट तासाच्या आत उरकतात आणि वर रस्त्याला नावं ठेवतात. त्यांना कुणीतरी सांगायला हवं, की हा रस्ता माणसानं चालण्याच्या वेगानं केलाय. म्हणून तुझी गोष्ट सांगते. थोडी तू सांगितलेली, थोडी मी यस्टीच्या खिडकीतून पाहिलेली. तिच्यात मास्तरीणबाई येते ती मी. पण तिला तिसरीच धरते, आणि तुलाही तिसराच. 'मी-मी' करत बसलं की गोष्ट पुढं सरकत नाही. आता ऐक, आणि मधे बोलू नकोस.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर सालची गोष्ट. दुष्काळ मागं पडला होता आणि अक्कलकोटचा रस्ता रुंद करायचं काम निघालं होतं. आधी एक गाडी आली की दुसरीनं धुळीत उतरायचं, असा तो रस्ता. खडी पडली, मुरूम पडला, डांबर उकळू लागलं, आणि या सगळ्याच्या शेवटी दहा टनी रोलर घेऊन मल्लप्पा आला. दुधनीकडचा माणूस. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, डोक्याला पंचा, आणि बसण्याचा थाट असा, की खाली रोलर नसून हत्ती असावा.

सोलापुराहून अक्कलकोटला शिकवायला जाणाऱ्या मास्तरीणबाईंची यस्टी रोज सकाळी त्याच्या मागं अडकायची. बाई खिडकीतून डोकं काढून ओरडायच्या, "अरे, सरक की बाजूला! चालत निघाले असते तर पोचले असते!"

"मग चाला की बाई," मल्लप्पा मागं न बघता म्हणायचा. "सोबतीला मी हायच."

सगळी यस्टी हसायची. कंडक्टर तर मुद्दाम बाईंना पुढची खिडकी द्यायचा.

काम सरकत सरकत अक्कलकोटच्या अलीकडच्या एका गावाशी आलं, आणि तिथं मल्लप्पाचा वेग आणखी मंदावला. मुकादमाला वाटलं इंजिनात बिघाड आहे. बिघाड रस्त्याकडेच्या शेतात होता. धोंडप्पांची मुलगी हेमावती डोक्यावर भाकरीची दुरडी घेऊन बांधावरून जायची आणि रोलरकडं बघून उघड हसायची. सातवी पास, बोलायला तिखट, चालायला वारा. मल्लप्पानं मग आडवळण घेतलं नाही. एका चुलत्याला बरोबर घेऊन सरळ धोंडप्पांच्या ओसरीवर जाऊन बसला.

"शरणार्थी, मामा," तो लिंगायती रीतीचा नमस्कार घालत म्हणाला. मागणी घालायच्या आधीच 'मामा' म्हणाला, म्हणजे बघा.

धोंडप्पा गडी सरळ होते. "पोरगा चांगला हाय. नोकरी सरकारी. जात-गोत आपलंच. पन घर कुटं हाय तुजं?"

"रस्ता जाईल तितं, मामा. पत्र्याची खोली हाय. काम सरकलं की ती बी सरकते."

"आरं, आमचा येडू मेंढरं घेऊन वर्षभर हिंडतो, त्याला बी पावसाळ्यात परतायला एक घर हाय. तुला ते बी न्हाय!" कोपऱ्यात तंबाखू मळत बसलेला येडू धनगर मान डोलावत म्हणाला, "व्हय की, माझं लई बरं हाय."

धोंडप्पांनी नाही म्हटलं नाही. ज्वारी मळून रास झाल्यावर बघू, म्हणाले.

त्या मुलखात ज्वारी मळायची ती दगडी रुळानं. खळ्यावर कणसं पसरायची, बैलांच्या मागं दगडाचा रूळ बांधायचा आणि गोल गोल फिरवायचा. करडई-तुरीची तर लोकांनी आणखी सोय शोधली होती. पीक सरळ डांबरी रस्त्यावर पसरायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांकडून मळून घ्यायचं. तेव्हा धोंडप्पांच्या मनात जे आलं ते त्या गावातल्या कुणाच्याही मनात आलं असतं. बैलांचा रूळ एवढासा. सरकारचा रूळ केवढा! तोही दारात, आणि त्याच्यावर होऊ घातलेला जावई.

त्यांनी सहज विषय काढला. मल्लप्पाला तर देव पावला. "मामा, बैलं बांधून ठिवा. एका सकाळत मळून देतो."

"दानं फुटायचं न्हाईत न्हवं?"

"आवो, अंड्यावरनं न्हेला तर अंडं फुटायचं न्हाय, असा चालवतो मी."

प्रेमात पडलेला माणूस असलीच वाक्यं बोलतो.

ठरल्या सकाळी धोंडप्पांनी गाडीभर कणसं नव्या रस्त्यावर नीट पसरली. नारळ फुटला. गाव गोळा झालं. यस्टी आली आणि अर्थातच थांबली. बाई घड्याळ बघत खाली उतरल्या. पण खरं सांगायचं तर त्यांनाही बघायचं होतं.

मल्लप्पानं लिव्हर ओढली. रोलर कणसांवर चढला. करकर करकर असा लाह्या फुटल्यासारखा आवाज झाला. हेमावती कमरेवर हात ठेवून उभी. तिच्याकडं बघत बघत मल्लप्पानं, रोज करतो तसं, हातासरशी पाण्याचा नळ सोडला. डांबर चिकटू नये म्हणून चाकावर सतत पाणी टपकत ठेवावं लागतं. हाताला सवय ती. रोलर पुढं गेला. मागं आला. पुन्हा पुढं.

मग तो खाली उतरला आणि सगळं गाव वाकून बघू लागलं.

दाणा म्हणून शिल्लक नव्हता. दहा टनांखाली ज्वारीचं पीठ झालं होतं, पिठावर पाणी पडलं होतं, आणि रोलरनं ते थापून टाकलं होतं. भुसा, खडे आणि डांबराच्या वासासकट रस्त्यावर एक लांबच लांब भाकरी पडली होती. तिचा उरलेला तुकडा चाकाला चिकटून गोल फिरून वर आला होता.

मग कंडक्टर म्हणाला, "उतरा मंडळी, न्याहारी तयार हाय."

जो हशा उठला, तो थांबेना. येडूची मेंढरं पुढं सरसावली आणि सरकारी रस्ता चाटू लागली. हेमावती तर हसून हसून खाली बसली. एकटे धोंडप्पा हसत नव्हते. "ज्याला दानं कळत न्हाईत, त्याला माझी पोरगी न्हाय," म्हणाले आणि घरात गेले.

मल्लप्पाचं तोंड एवढंसं झालं. बाई त्याला म्हणाल्या, "आता तोंड पाडून काय होणार? उरलेली ज्वारी खळ्यावर आहे ना? मग हो पुढं!"

त्या संध्याकाळी काम सुटल्यावर तो न विचारता खळ्यावर गेला, बैल जुंपले आणि दगडी रुळामागं चालू लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. गंमत बघा, बैलांना घाई न करणारा असा गडी त्या खळ्यानं पाहिला नव्हता. आयुष्यभर ज्या चालीनं रोलर हाकला तीच चाल इथं हवी होती. धोंडप्पा ओसरीवरून आधी पाठ करून बसायचे, मग तिरपे, मग समोर.

रास उभी राहिली, सोन्यासारखी. धोंडप्पांनी मूठभर दाणे तळहातावर घोळवले आणि म्हणाले, "काम चांगलं केलंस. पन घराचं काय? पोरगी नांदवायची कुटं?"

उत्तर दाराआडून आलं.

"अप्पा, तुमी मला दुधनीच्या बाजाराबिगर काय दावलं?" हेमावती बाहेर येऊन म्हणाली. "हितं दार उगडलं की तीच चिंच आन् तीच म्हस. ह्येंच्या दारात दर म्हैन्याला नवीन शिवार. मला तसलंच घर पायजे."

धोंडप्पांनी मुलीकडं पाहिलं, राशीकडं पाहिलं. मग मल्लप्पाला म्हणाले, "अळिया, हात-पाय धू. जेवाय बसू." अळिया म्हणजे कानडीत जावई. सोबत आलेल्या चुलत्याला कळायच्या आधी मल्लप्पा रांजणापाशी पोचला होता.

लग्न झालं. सरकारी रोलर रस्ता सोडून न्यायचा नाही, असा मुकादमाचा दम होता. नवरीचं घर रस्त्यालाच होतं, हे त्या बिचाऱ्याच्या लक्षात आलं नाही. वरात रोलरवर निघाली. पुढं येडूचा ढोल, मागं यस्टी अडकलेली. त्या दिवशी मात्र बाईंनी खिडकीतून डोकं काढलं नाही. त्या खाली उतरून नाचणाऱ्यांत होत्या.

पुढल्या आठवड्यात मल्लप्पानं यस्टीला हात करून बाईंना गाठलं. "बाई, हेमीला दारावर पाटी पायजे. सोलापुरात पेंटरकडनं रंगवून आना की. वर आमची दोगांची नावं. तिचं आधी."

"आणि खाली? गाव कुठलं घालू?"

मल्लप्पानं वळून खोलीकडं पाहिलं. "तिला इचारून सांगतो."

हेमावती म्हणाली, माहेरचं गाव नको, ते सुटलं. दुधनी नको, तिथं राहणं नाही. 'अक्कलकोट रस्ता' घालावं, तर खोली पुढच्या महिन्यात दुसऱ्या रस्त्याला जायची होती. रोज सकाळी यस्टी थांबायची, रोज दोघं नवं काहीतरी सांगायची, आणि दुसऱ्या दिवशी खोडायची. महिना असाच सरला, तेव्हा बाई वैतागून म्हणाल्या, "एकदाचं ठरवा, पेंटर फळी रंगवून वाट बघतोय!"

"उद्या पक्कं सांगतो, बाई," मल्लप्पा म्हणाला. दुसऱ्या सकाळी रस्ता मोकळा होता. खोली उचलून ती दोघं पुढं गेली होती, आणि पेंटरच्या दुकानात दोन नावांखाली एक ओळ कोरीच राहिली.