मोसंबीच्या साली आणि उचगावची भिंत

“ज्यूसवाल्यांनी फेकलेल्या सालींपासून मी प्लास्टरची पावडर करते,” असं नंदाने फोनवर सांगितलं आणि मी फिस्सकन हसले. मी पुण्यात साइट इंजिनिअर. असली पावडर आम्ही परदेशी पिशव्यांतून आणतो. “हसू नको. रविवारी एक ठेकेदार ह्या पावडरीची भिंत बघायला येणाराय. ये,” ती म्हणाली. कॉलेजची मैत्रीण, रसायनशास्त्रात हुशार. काही वर्षांपूर्वीची ही गोष्ट, पुणे-कोल्हापूर रस्ता नुकताच चौपदरी झाला होता. शनिवारी पहाटेची एसटी पकडली.

तुम्हीही पहाटेचीच पकडा, दुपारच्या आत कोल्हापूर येतं. स्टँडजवळ मिसळ खा, पण माझ्यासारखा पुन्हा झणझणीत कट मागायचा शहाणपणा करू नका. तिथून नंदाच्या उचगावला रिक्षाने जावं, भाडं आधी ठरवून. वाटेतल्या गप्पा फुकट मिळतात.

नंदाच्या शेडमध्ये शिरले तर मोसंबीचा आंबूस वास नाकात बसला. साली कॉस्टिक सोड्यात शिजवायच्या, धुवायच्या, पांढऱ्या करायच्या. उरतो तो साल धरून ठेवणारा तंतू, म्हणजे सेल्युलोज. त्यावर आणखी प्रक्रिया करून पावडर. ती थोडीशी मिसळली की प्लास्टर पाणी धरून ठेवतं, भेगा पडत नाहीत.

“तीनदा धुते,” नंदा म्हणाली. “सालीतली साखर राहिली तर सिमेंट घट्टच होत नाही.”

तिचा नवरा विलास दूधवाला माणूस. दारातूनच ओरडला, “पावणं, भिंत जमली तर शेड हिची. न्हाय जमली तर माझ्या दोन म्हशी आत!” हसत बोलला, पण नंदा हसली नाही. दोन वर्षं तिने याच शेडमध्ये काढली होती.

दुपारी बाबूमामा गवंड्यांनी नंदाची पावडर मिसळून शेडची मागची भिंत प्लास्टर केली. साठीचे, नंदाला लहानपणापासून ओळखणारे. मी पाहत होते, हात काय सफाईदार! चहा करायला आम्ही दोघी आत गेलो तेवढाच वेळ नजर हटली. रात्री पांढरा रस्सा ओरपून मी निवांत झोपले.

सकाळी नंदाने भिंतीला अंगठा लावला. अंगठा आत गेला.

“चौथ्यांदा धुवायला हवं होतं,” ती पुटपुटली. मला तिच्याकडे बघवेना. तेवढ्यात ठेकेदार आला. त्यानेही बोट खुपसलं आणि खो खो हसला. “भिंत हाय का बासुंदी?”

“सायेब, थांबा.” बाबूमामा पुढे झाले. “पोरीच्या पावडरीत खोट न्हाय. मालात मी गूळ टाकलाय.”

“गूळ? सिमेंटात?”

“आमचा बा देवळाच्या चुन्यात घालायचा. लई पक्कं व्हायचं. पोरीचं काम हाय म्हणून चांगला मूठभर टाकला की. चूक माझी हाय.”

हा ठेकेदार मामांना वर्षभर काम देणारा माणूस. गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. ठेकेदाराने त्यांच्याकडे बघत मिशीवरून हात फिरवला. “बरं. बिनगुळाची करा. पुढच्या ऐतवारी येतो.”

मामा लगेच प्लास्टर खरवडायला बसले. नंदा कपाळाला हात लावून हसत सुटली, “मी तीनदा साखर धुवायची आणि तुम्ही मूठभर घालायची!” मला दुपारची गाडी गाठायची होती. निघताना मामांनी अर्धा किलो गूळ हातात दिला, म्हणाले, “ह्यो खायाचाच हाय.”

पुढच्या रविवारी फोन वाजला. “ठेकेदारानं खिळ्यानं ओरखडून बघितलं, निघंना! दोन इमारतींना घेतोय!” नंदा ओरडत होती. मागून विलास, “म्हशी बाहेरच हायत, सांग त्यांस्नी!” मी घरात एकटीच नाचले.

पण मामांचं ते ‘चूक माझी हाय’ काही डोक्यातून जाईना. आदल्या वर्षी माझ्या साइटवर एक भिंत तडकली होती. पाण्याचं माप मी चुकीचं सांगितलं होतं आणि ठपका रफिकभाई गवंड्यांवर ठेवला होता. सोमवारी त्यांना गाठलं आणि सगळं कबूल केलं.

ते थापी धूत होते. मान वर न करता म्हणाले, “मला तेव्हाच माहीत होतं, मॅडम.”