निघतानाचा वेग

सर कधी ओरडले नाहीत, तरी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात त्यांच्या तासाला माझे तळहात ओले व्हायचे. फळ्यावर गणित संपवून आपण सुटलो म्हणावं, तर मागून हळूच आवाज यायचा, "आन् निंगताना?" त्यावरून त्यांचं नाव 'निंगताना सर'.

"त्वरणाचं इंटिग्रेशन केलं का वेग किती वाढला ते भेटते, बाप्पा. पन गाडी निंगताना जो वेग होता, तो कोन मिळवन? तुहा बाप?" वर्ग हसायचा. मी नाही. मी तो नेहमी विसरायचो.

पुस्तकावर त्यांचा भरवसा नव्हता. बारावीला त्यांनी आम्हाला बोडीच्या पाळीवर, म्हणजे लहान तळ्याच्या मातीच्या बांधावर नेलं. भातगिरणीतली पोती वाहायची लोखंडी गाडी उतारावरून सोडायची, खाली पोचताना तिचा वेग किती ते आधीच काढायचं. गाडी थांबून निघणार, म्हणून सुरुवातीचा वेग शून्य. आलेल्या उत्तराच्या हिशोबाने सरांनी खाली भाताच्या तणशीचे भारे रचले आणि भाऱ्यांमागे स्टॉपवॉच घेऊन उभे राहिले.

चाकाखालची वीट काढायचं काम माझं होतं. "हात लावू नको गाडीले," सर खालून म्हणाले. बाजूचा मित्र कुजबुजला, "भित्रा हाये रे हा!" मी वीट काढली आणि गाडीला ढकललं. जोरात.

भारे उडाले. सरांचा गुडघा गाडी आणि दगडाच्या मध्ये सापडला. तो आवाज मी अजून कोणाला सांगू शकलेलो नाही.

दवाखान्यात त्यांनी मला जवळ बोलावलं. "घड्याळात वेळ कमी आला. गाडी निंगताना थांबूनच होती ना?"

"हो सर."

"मंग उतार मोजाले मीच चुकलो."

त्यानंतर त्यांनी मुलांना कधी बाहेर नेलं नाही. लंगडत वर्गात यायचे, साधी बेरीज केली तरी वळून विचारायचे, "पाहा रे, बरोबर हाये का?" ते माझ्याकडे पाहतील म्हणून मी वहीत डोकं घालायचो. पुढे चंद्रपुरात नोकरी लागली, केस पिकले. सिंदेवाहीला त्यांच्या घरी दोनदा गेलो. दोन्ही वेळा पोहे खाल्ले, तब्येत विचारली, परत आलो. त्यांनी 'निंगताना' म्हटलं असतं तर मी तिथेच कोसळलो असतो.

यंदा सर गेले. तेराव्यानंतर घरी जाऊन सरांच्या पत्नीला, बाईंना, गाडी मी ढकलली होती ते सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबले.

"दर उन्हाळ्यात एस्टीनं त्या पाळीवर जायचे ते, दोरी घेऊन, उतार मोजाले. मागच्या सालीबी गेले. म्हनत, कुठी चुकलो ते सापडूनच नाई राह्यलं."

मी तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"त्याहिले सांगाचं होतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "मले काऊन सांगून राह्यले?"