वलांडीवरचं जाकीट

दुपारी ओटीवर जरा आडवा झालो की तो माणूस यायचा. उंच, सडपातळ. तोंड कधी दिसलं नाय, कारण सगळीकडे धुकं. पांढरं, थंड, पिंजलेल्या कापसासारखं. त्यातनं तो पाय न वाजवता यायचा, हात पुढं करायचा आणि म्हणायचा, "माझं जाकीट." एवढंच. मी झोपेतच जाकीट घट्ट धरून ठेवायचो. जागा झालो की हातात उशी असायची. एकदा बायकोचं मनगट होतं. ती म्हणाली, "सोडा, भात करपतोय."

त्या माणसाचं काय चुकत नव्हतं. जाकीट त्याचंच होतं, फक्त घातलं होतं मी.

मी हर्णैचा. सुकी मासळी भरून टेम्पो चालवतो. कुंभार्ली घाट चढायचा, कराडला माल उतरवायचा, परत यायचं. शाळा म्हणाल तर शाळेच्या कौलांवर अडकलेला चेंडू काढायला चढलो होतो, तेवढीच माझी शाळा. खाली उतरलो तर मास्तर कान धरायला उभेच. पण गाडी येते आणि बोलता येतं. बोलतो जरा जास्तच.

मुलगी एकच. नर्सिंग शिकायला कराडला गेली आणि तिथंच पोरगा पसंत करून मोकळी झाली. माणसं सोन्यासारखी, पण माळकरी. त्या घरात मासळीचं नावसुद्धा कोणी घेत नाय. माल उतरवून झाला की मी तिच्याकडे चहाला जायचो, आणि चहा फाटकाबाहेर उभ्यानं प्यायचो. मला कोणी बाहेर थांबवलं नव्हतं हो. विहीणबाई दर खेपेला म्हणायच्या, "या की आत, पाव्हणं. उभ्या उभ्या कसला च्या पिताय?" मी म्हणायचो, "नको, गाडी चालू ठेवलीय." गाडी बंद असायची. चावी माझ्या खिशात.

काय करणार? अंगाला सुकटीचा वास. मला तो येत नाय, पण असणार हे कळतं. टेम्पोत मागं सुकट आणि पुढं मी. दोघांत फरक एवढाच, की सुकटीला गिऱ्हाईक आहे.

पहिलं बाळंतपण म्हणून मुलगी आमच्याकडे आली आणि नात झाली. सगळे पेढे खात होते आणि माझ्या डोक्यात फाटक. बारसं झालं की नात जाणार कराडला. मग तिचा आजोबा कोण? तर फाटकाबाहेर कपबशी धरून उभा असतो तो. तिला पाय फुटतील, ती अंगणातनं चालत येईल, तेव्हा कुठं माझी नि तिची ओळख. मला त्या घरात आत जाऊन, कॉटवर बसून, तिला मांडीवर घ्यायची होती. दुसरं काय नको होतं.

म्हणून ते जाकीट. कराडला बाजाराबाहेर जुने कपडे घेऊन एकजण बसतो, त्याच्याकडे दिसलं. अस्सल चामड्याचं, तपकिरी. तो म्हणाला, "बर्फाच्या मुलखातनं आलंय." मी विचार केला, एवढं जाड कातडं गळ्यापर्यंत बंद केलं की आतला वास आतच राहील. पातेल्यावर झाकण ठेवतात तसं. झाकणाला स्वतःचा वास असेल हे काय माझ्या डोक्यात आलं नाय. टेम्पोच्या काचा उघड्या होत्या. शिवाय मी आरशात बघत होतो, वास घेत नव्हतो.

घरी आलो तर बायको दारातच. माझ्या मागं, टेम्पोकडे बघायला लागली.

"कोणाला आणलात बरोबर?"

"कोणाला नाय."

"मग हा वास कोणाचा?"

तेव्हा मला पण आला. सिगारेट, शिळं अत्तर, डांबराच्या गोळ्या आणि खाली कुठंतरी ओल्या ट्रंकेचा कुबट वास. घरात खरंच एक परका पुरुष येऊन बसल्यासारखं झालं. बायको म्हणाली, "ह्याला घेऊन बाळंतिणीच्या खोलीत पाय टाकायचा नाय. आंघोळ करून आलात तरी नाय, केसात बसलाय तो."

त्या दिवसापासून दुपारी तो माणूस यायला लागला.

मुलीनं आतनंच मोबाईलवर बघून सांगितलं, "बाबा, पाण्यात थोडं व्हिनेगर घालून आतलं अस्तर पुसा. मग सावलीत ठेवा, भरपूर वारा लागेल असं. उन्हात नको, कातडं तडकेल."

व्हिनेगर घरात कुठलं? पण व्हिनेगर म्हणजे आंबट, आणि आंबटाला आमच्याकडे काय तोटा. कोकमाचं आगळ घेतलं, पाण्यात घातलं आणि अस्तर वरपासून खालपर्यंत पुसून काढलं. अस्तर गुलाबी झालं, एकदम लग्नातल्या मंडपासारखं. बायकोनं बघितलं आणि म्हणाली, "आता नारळ फोडा. सोलकढी तरी होईल."

राहिला वारा. सावली पाहिजे आणि वारा पाहिजे. मी सगळं बंदर फिरलो. आमच्याकडे बोंबील सुकवायला वाळूत बांबू रोवून वर दोऱ्या बांधतात, त्याला वलांडी म्हणतात. जोडी जोडीनं, जबड्यात जबडा अडकवून बोंबील टांगतात. दाटीनं टांगले की खाली थंड, हलती सावली पडते आणि समुद्रावरचा वारा मधनं सरळ वाहतो. मुलीनं सांगितलेलं अक्षर न अक्षर तिथं होतं. मी खालच्या दोरीला जाकीट टांगलं.

वलांडी शेजारणीची. तिनं लांबूनच हाक मारली, "काय हो, यंदा जाळ्यात म्हशीचा बोंबील गावला काय?"

"वारा देतोय गो."

"द्या द्या. सुकला की सांगा, चार पिढ्या पुरंल."

वाळूवर बसून मी बघत राहिलो. बाह्यांत वारा भरला की त्या फुगायच्या, हात वर करायच्या, मग हळूच खाली यायच्या. वरती बोंबील चंदेरी हलत होते आणि खाली ते जाकीट, जसा कोण माणूस पाण्यात उभा राहून काठावरच्यांना बोलावतोय. मला वाटलं, तो धुक्यातला असणार. थंडीच्या देशातला बिचारा, पहिल्यांदा समुद्र बघत असेल. मी पण हात वर केला. शेजारीण बघत होती. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि घरी गेली.

असं बरेच दिवस टांगलं. मग एका संध्याकाळी काढून घरी आणलं. मी हुंगलं, कसलाच वास नाय. बायकोनं कॉलर हुंगली, काखेत नाक घातलं, खिसे उलटे केले. "गेला बाय सगळा," ती म्हणाली. "धुतल्यासारखं झालंय."

मी गळ्यापर्यंत चेन लावली आणि नवरदेवासारखा बाळंतिणीच्या दारात उभा राहिलो. मुलीनं एकदम पदर नाकाला लावला, दुसऱ्या हातानं बाळाचं तोंड झाकलं.

"बाबा! बोंबील!"

"कुठं?" मी खाली बघितलं. बायकोनं कॉटखाली बघितलं. आम्ही दोघं खोलीभर बोंबील शोधतोय आणि मुलगी हसून हसून लाल. मग ती हसायची थांबली. मी नि बायकोनं एकमेकांकडे बघितलं.

"हिला आधी नाय यायचा वास," बायको हळूच म्हणाली.

ही पोर टेम्पोत सुकटीच्या गोणींवर झोपून मोठी झाली. घाटातल्या वळणावर घसरायची, तर मी गोणीला बांधायचो दुपट्यानं. तेव्हा तिला तो वास यायचा नाय, जसा आम्हाला येत नाय. आता तिचं नाक घाट चढून गेलं होतं. आम्ही दोघं खालीच राहिलो होतो.

मी जाकीट काढलं आणि बाहेर खुंटीला अडकवलं. "राहू दे," म्हटलं. "मी आपला फाटकाबाहेर बरा. तसंही गाडी चालू असते."

"बाबा," मुलगी म्हणाली, "गाडी बंद असायची. मला काय कळत नव्हतं?"

मी खुंटीवरचं जाकीट उगाच सरळ केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओटीवर मला झोप लागली. तो माणूस आला, पण नुसता उभा राहिला, काय मागितलं नाय त्यानं. धुकं मात्र वेगळं होतं. त्याला ओव्याचा वास होता. डोळे उघडले तर ते धुकं नव्हतं, धूर होता. बाळंतिणीच्या खोलीतनं येत होता. शेगडीत निखारे, त्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा आणि लसणाच्या साली. नातीचे कपडे रोज असेच धुरीवर धरतात, शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून. आज टोपलीच्या एका बाजूला वीतभर झबलं, आणि उरलेल्या सगळ्या टोपलीवर माझं जाकीट.

"ह्याचं काय बारसं करायचंय?" बायको विचारत होती.

"बाहेरचं आहे ना, आई," मुलगी म्हणाली. "घरात घ्यायचं तर धुरी नको द्यायला?"

मग रोज धुरी. रोज मी उंबऱ्यावर बसून बघायचो. धूर बाहीतनं आत जायचा आणि कॉलरमधनं बाहेर यायचा. आत निजलेली नात दिसायची, धुरात अर्धी विरघळलेली, मूठ उघडझाप करत. बायको येता-जाता म्हणायची, "नातीपेक्षा ह्याचेच लाड." पण निखारे कमी झाले की फुंकायची तीच.

सव्वा महिन्यानं बारसं झालं. जावई गाडी घेऊन न्यायला आला. मी जाकीट घालून पुढं बसलो. घाटात धुकं होतं, अगदी स्वप्नातलं. मी काचेतनं बघत होतो, कोण दिसतो काय. कोण दिसलं नाय. मागं नात मधनंच एक बारीक आवाज काढायची आणि मी दरवेळी म्हणायचो, "हां, आलं आलं," जसं काय गाडी मीच चालवत होतो.

कराडला विहीणबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मायलेकी आत गेल्या. मी सवयीनं फाटकापाशी थांबलो. पायच पुढं जाईनात.

विहीणबाई परत बाहेर आल्या. "काय पाव्हणं, गाडी चालू ठेवलीया का?"

"होय..." मी म्हटलं.

"आज गाडी बी तुमची न्हाई. आता काय सांगणार?"

मी गेलो आत. कॉटच्या कडेला, गळ्यापर्यंत चेन लावून, श्वास धरून बसलो. विहीणबाई पाणी घेऊन आल्या, थबकल्या, नाक वर केलं. मी चेन आणखी वर ओढली, पण वर जागाच नव्हती.

"आवं, बाळंतिणीच्या खोलीचा वास येतोय तुमच्या अंगाला," त्या म्हणाल्या. "बरं वाटतंय. घरात लेकरू आल्यागत."

तेवढ्यात त्यांची मांजर आली. जन्मात तिनं मासळी बघितली नसेल. ती सरळ माझ्याकडे आली, जाकिटाला गाल घासला आणि डोळे मिटून माझ्या पायावर बसली, एकदम भक्तिभावानं. मुलगी भिंतीकडे तोंड करून हसत होती. विहीणबाई मांजरीकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्या मांडीवर नातीला ठेवलं आणि म्हणाल्या, "मान धरा नीट."

नात जाकिटाला गाल लावून झोपली. हलायचं नव्हतं, म्हणून मी पाठ भिंतीला टेकली. खाली मांजर, वर नात. डोळे कधी मिटले कळलं नाय.

तो आला. हात पुढं केला. मी पहिल्यांदाच जाकीट घट्ट धरलं नाय, म्हटलं, बघ बाबा तूच. त्यानं वाकून कॉलर हुंगली. मग परत एकदा, नीट.

"हे माझं नव्हे," तो म्हणाला, आणि धुक्यातनं निघून गेला.